99 दिवसांची परसबाग: थंड प्रदेशातील एका कुटुंबाच्या नियोजनाचे प्रकरण

परिस्थिती

या प्रकरणातील कुटुंब चार जणांचे आहे: नोकरी करणारे दोन प्रौढ आणि शाळेत जाणारी दोन मुले. घर उत्तर गोलार्धात सुमारे 50 अंश अक्षांशावर, समुद्रापासून बरेच आत आहे. त्यामुळे जूनमध्ये दिवस सोळा तासांहून मोठा होतो, तर हिवाळ्यात जमीन काही महिने गोठून दगडासारखी होते. घरामागे 10 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद अशी, दक्षिणेकडे हळूहळू उतरत जाणारी जागा आहे. माती चिकण आहे आणि उताराच्या तळाशी दाट झुडपांचे कुंपण आहे. बागेसाठी आठवड्याला सगळ्यांचे मिळून सहा तास निघतील, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, आणि पुढच्या सगळ्या आकडेमोडीत हा आकडा जमिनीच्या मापाइतकाच महत्त्वाचा ठरला. अपेक्षा दोन होत्या. उन्हाळ्यात ताजी भाजी मिळावी आणि हिवाळ्याचे निदान काही महिने साठवणीतील भाजीवर निघावेत.

पहिल्या वर्षी त्यांनी कोणतीही आखणी न करता सुरुवात केली होती. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ऊन पडले, अंगावरचे जाड कपडे उतरले आणि एका शनिवार-रविवारी सगळी बाग पेरून झाली. 19 मेच्या रात्री आकाश निरभ्र होते, वारा पडला होता आणि पहाटे दव गोठले. (दव गोठण्याच्या या प्रसंगाला पुढे नुसते ‘गोठण’ म्हटले आहे.) टोमॅटो आणि ढोबळी मिरचीची तळाकडील रोपे काळी पडली, वरच्या बाजूची मात्र वाचली. फरसबीचे बी उगवलेच नाही. उकरून पाहिले तेव्हा ते मातीत कुजलेले निघाले. जूनमध्ये टोमॅटोची नवी रोपे आणून लावली, ती सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हिरव्या फळांनिशी गोठली. पालक जूनमध्ये पेरला आणि चार पाने काढण्याआधीच तो फुलोऱ्यावर गेला. लेट्यूसचे तीस गड्डे एकाच आठवड्यात तयार झाले आणि त्यातील वीस वाया गेले. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला पेरलेली गाजरे ऑक्टोबरात बोटाएवढीही झाली नव्हती. फक्त बटाटा चांगला आला.

‘आमच्याकडचे हवामानच भाजीपाल्याचे नाही’ असे कुटुंबाचे निदान होते. दुसऱ्या वर्षीच्या आखणीसाठी सल्ला देताना मला ते पटले नाही. वर सांगितलेल्या अपयशांपैकी एकाचेही कारण थंडी हे नाही. प्रत्येक ठिकाणी चुकली आहे ती तारीख, वाण किंवा जागा. बटाटा आला तोही योगायोगाने, कारण मेच्या सुरुवातीला लावलेल्या बेण्याचे कोंब जमिनीवर यायला तीन-चार आठवडे लागतात, आणि 19 मेच्या रात्री ते अजून मातीखाली होते.

दिवसांचा हिशेब

दुसऱ्या वर्षीच्या आखणीला जानेवारीत सुरुवात झाली, आणि ती बियाण्यांपासून नव्हे तर तापमानाच्या जुन्या नोंदींपासून झाली. जवळच्या हवामान केंद्राच्या नोंदींनुसार वसंतातील शेवटची गोठण सरासरीने 20 मे रोजी आणि शरदातील पहिली 18 सप्टेंबर रोजी येते. या दोन तारखांमध्ये 121 दिवस आहेत, आणि बहुतेक लोक येथेच थांबतात. पण सरासरी तारीख म्हणजे साधारण निम्म्या वर्षांत गोठण त्यानंतरही येते. ज्या तारखेनंतर दहा वर्षांत एखाद्याच वर्षी धोका उरतो, ती तारीख या ठिकाणी 1 जून आहे. शरदात, ज्या तारखेआधी दहातून एकाच वर्षी गोठण येते, ती 8 सप्टेंबर आहे. खात्रीचे दिवस म्हणून हाती उरतात ते 99.

मात्र हे 99 दिवस सगळ्या भाज्यांना लागू नाहीत, आणि या प्रकरणातील सर्वांत उपयोगी गोष्ट मला हीच वाटते. टोमॅटो, काकडी, फरसबी, झुकिनी, भोपळा, मिरची आणि वांगे यांना गोठण अजिबात सोसत नाही. त्यांचे वर्ष 99 दिवसांचे. मटार, पालक, कांदा, कोबी आणि केल (कोबीच्या कुळातील पालेभाजी) यांची गोष्ट वेगळी आहे. शेवटच्या गोठणीच्या चार-सहा आठवडे आधी ती उघड्यावर जाऊ शकतात आणि पहिल्या गोठणीनंतरही उभी राहतात. केल, लीक (जाड पातीचा कांदावर्गीय प्रकार) आणि पार्सनिप (गाजरासारखे पांढरट मूळ) तर थंडीच्या माऱ्यानंतर अधिक गोड लागतात, कारण पिष्टाचे साखरेत रूपांतर होऊन पेशींतील रसाचा गोठणबिंदू खाली जातो. या भाज्यांचे वर्ष एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सहा महिन्यांहून अधिक आहे. एका बागेत अशी दोन पंचांगे चालतात. कुटुंबाने पहिल्या वर्षी ती एकाच शनिवार-रविवारी उरकली होती.

वाणाच्या पाकिटावरील दिवस कोठून मोजायचे, हाही प्रश्न सुटणे गरजेचे होते. टोमॅटोच्या पाकिटावरचे दिवस रोप शेतात लावल्यापासून मोजतात, बी पेरल्यापासून नव्हे. गाजर-बिटाचे मात्र पेरणीपासून. रोप 3 जूनला लावले तर 60 दिवसांचे वाण 2 ऑगस्टला पहिले फळ देते आणि 8 सप्टेंबरपर्यंत पाच आठवडे तोडणी मिळते. त्याच दिवशी लावलेल्या 85 दिवसांच्या वाणाचे पहिले फळ 27 ऑगस्टला येईल आणि तोडणीला बारा दिवस उरतील. शिवाय रात्री थंड असल्या तर पाकिटावरचे दिवस लांबतात. मोठी, मांसल, उशिराची वाणे या बागेसाठी नाहीत, हे त्या दोन बेरजांनीच ठरवले. ढोबळी मिरची यादीतून पूर्ण काढावी असा माझा सल्ला होता. मुलांच्या आग्रहाखातर दोन रोपे दक्षिणेकडील भिंतीलगत कुंड्यांत ठेवण्यावर तडजोड झाली.

लवकर पेरण्याची घाई का निरर्थक ठरते, हे गाजराचे बी फार चांगले दाखवते. मातीचे तापमान 5 अंश सेल्सिअस असेल तर गाजर उगवायला सुमारे 50 दिवस घेते, 10 अंशांवर 17 दिवस आणि 15 अंशांवर 10 दिवस. थंड मातीत तीन आठवडे आधी पेरलेले बी उबदार मातीत नंतर पेरलेल्या बियांच्या बरोबरच उगवते, आणि मधल्या काळात कुजण्याचा, किडीचा व तणाचा धोका तेवढा पत्करावा लागतो. फरसबीला तर माती साधारण 16 अंश लागते; पहिल्या वर्षी ती 9 अंशांच्या आसपास असताना पेरली होती. म्हणून पेरणीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर न लिहिता मातीच्या तापमापीवर सोपवली: सकाळी, बी पडेल त्या खोलीवर, सलग पाच दिवस. त्यासोबत वाफसाही पाहायचा, कारण चिकण माती ओली असताना तुडवली की तिची ढेकळे वर्षभर साथ सोडत नाहीत.

शरदातील पिकांचा हिशेब उलटा, काढणीच्या तारखेकडून करावा लागतो. दिवस लहान होऊ लागला की वाढ मंदावते. या अक्षांशावर ऑक्टोबरच्या अखेरीस दिवस दहा तासांच्या खाली जातो आणि मग पीक जिवंत राहिले तरी जवळजवळ वाढत नाही. म्हणून पाकिटावरील दिवसांत दोन आठवडे अधिक धरायचे. गाजर 5 ऑक्टोबरला साठवणीसाठी काढायचे असेल तर 75 अधिक 14, म्हणजे 89 दिवस मागे, 8 जुलै. पहिल्या वर्षीची 1 ऑगस्ट तीन आठवड्यांहून अधिक उशिराची होती. पालकाची अडचण याच्या बरोबर उलट आहे. जूनमधील लांब दिवसांत तो तुऱ्यावर जातो, तेव्हा त्याला एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये पेरायचे आणि मधले दोन महिने विसरायचे. कांद्याला हेच लांब दिवस हवे असतात, पण वाण लांब दिवसांचे निवडले तरच. कमी लांबीच्या दिवसांत गड्डा धरणारे वाण येथे लावले, तर पात पुरेशी वाढण्याआधीच कांदा धरतो आणि सुपारीएवढा राहतो.

कोठी आधी, वाफे नंतर

साठवण्याची जागा पाहिल्याशिवाय साठवणीची भाजी किती लावायची हे ठरवता येत नाही. कुटुंबाकडे उत्तरेकडील एक तळघर आहे, ओलसर आणि हिवाळ्यात 3 ते 6 अंशांचे. घराला जोडलेली बंद पडवी कोरडी असते आणि भर हिवाळा येईपर्यंत तेथे 1 ते 4 अंश राहतात. वरच्या मजल्यावर 12 अंशांची एक न तापवलेली खोली आहे. बटाट्याला अंधार, ओलावा आणि 4 ते 7 अंश हवेत, म्हणजे तळघर. गाजर आणि बीट शून्याच्या जवळ आणि भरपूर दमटपणात सर्वांत चांगली टिकतात. तळघर त्यांना थोडे उबदार पडते, पण ओलसर वाळूच्या थरांत ती तेथे दोन-तीन महिने राहतील. कांद्याला थंडी हवी, पण हवा कोरडी हवी, म्हणून पडवी. वरच्या खोलीत कांदा ठेवण्याचा कुटुंबाचा विचार होता. तो मोडून काढावा लागला, कारण 10 ते 15 अंशांत कांद्याला कोंब लवकर फुटतात. भोपळ्याला मात्र नेमकी तीच खोली मानवते. तळघरात सफरचंदांच्या पेट्या आधीपासून ठेवल्या जात होत्या. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने गाजर कडू होते, म्हणून त्या पेट्या हलवल्या.

फरसबी बरणीत भरून ठेवण्याचा बेतही होता. त्यावर मी स्पष्ट नकार दिला. फरसबी आम्लयुक्त नाही, आणि कमी आम्लाच्या भाजीत बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जीवाणूचे बीजाणू साध्या उकळत्या पाण्याने मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली सुमारे 116 अंश तापमान देणारे खास भांडे लागते. ते घरात नसल्याने फरसबी तीन मिनिटे उकळत्या पाण्यात बुडवून, लगेच गार करून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायची असे ठरले.

यानंतर कुटुंबाने दोन आठवडे स्वयंपाकघरात जे लागते ते वजन करून लिहून ठेवले. बटाटा आठवड्याला 3 किलो, कांदा एक, गाजर एक, आणि कोबीचा एक गड्डा. ऑक्टोबर ते मार्च या 26 आठवड्यांना बटाटाच 78 किलो लागणार होता. हा आकडा कागदावर आला आणि स्वयंपूर्णतेचे स्वप्न तेथेच शांतपणे मिटले, कारण जागा किती आहे हे तोवर मोजून झाले होते.

80 चौरस मीटरची बाग म्हणजे 80 चौरस मीटरचे पीक नव्हे. दोन्ही बाजूंनी हात पोहोचावा म्हणून वाफा 1.2 मीटर रुंद, मधली वाट 45 सेंटिमीटर, आणि दोन्ही टोकांना फिरायला अर्धा मीटर, असे धरले की 7 मीटर लांबीचे सहा वाफे बसतात. एक वाफा 8.4 चौरस मीटरचा, सगळे मिळून सुमारे 50. ते उताराला आडवे, पूर्व-पश्चिम ठेवले आणि गादीवाफे केले, कारण उंचावलेली माती निचरा होऊन वसंतात लवकर तापते. एका वाफ्यात बटाटा साधारण 25 किलो येईल, म्हणजे आठ आठवडे पुरेल. बटाट्याला दोन वाफे द्यावेत का, यावर बराच खल झाला. अडचण अशी की टोमॅटो बटाट्याच्याच कुळातला; दोन वाफे बटाट्याला आणि एक टोमॅटोला दिला की सहापैकी तीन वाफ्यांत एकच कूळ बसते आणि फेरपालट (एका वाफ्यात दरवर्षी वेगळ्या कुळाचे पीक घेणे) नावापुरती उरते. शेवटी बटाट्याला एकच वाफा मिळाला, आणि आठ आठवडे हेच उद्दिष्ट ठरले.

वरून खाली क्रम असा लागला: बटाटा, कोबीवर्गीय, मटार-फरसबी, मग टोमॅटो-काकडी-झुकिनी, त्यानंतर कांदा-लीक, आणि शेवटी गाजर-बीट. पालक-लेट्यूसला स्वतंत्र वाफा नाही. ती मोकळ्या कोपऱ्यांत, लेट्यूस दर दोन आठवड्यांनी आठ-आठ रोपे. दरवर्षी प्रत्येक पीक एक वाफा खाली सरकते आणि तळाचे वर येते. या मांडणीत बटाटा आणि टोमॅटो बरोबर तीन वाफ्यांच्या अंतरावर राहतात, म्हणून त्यांचे कूळ एका वाफ्यात तिसऱ्या वर्षीच परत येते, तर कोबी नेहमी मटार-फरसबीच्या मागून येतो आणि त्यांनी जमिनीत सोडलेल्या नत्राचा फायदा घेतो. कोबीवर्गीय पिके स्वतः त्याच वाफ्यात सहाव्या वर्षानंतर परततात. मुळांवर गाठी आणणाऱ्या रोगाचा विचार करता हे फार बरे.

या फेरपालटीत एक खोच होती. दोन वर्षांनी टोमॅटो तळाच्या वाफ्यात येणार, आणि 19 मेच्या रात्री नेमकी तीच जागा काळी पडली होती. निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची थंड हवा जड होऊन पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि अडथळ्यापाशी साचते. येथे अडथळा होता कुंपणाचा. टोमॅटोची जागा कायमची वर ठेवण्याऐवजी कुंपणाच्या तळाशी दोन ठिकाणी मीटरभर रुंदीच्या वाटा मोकळ्या केल्या. पिकावर बोगद्यासारखे कापड ताणण्यासाठीच्या कमानीही काढता-घालता येतील अशाच घेतल्या, नाही तर फेरपालट कमानींच्या मर्जीवर चालते.

रोपांबाबत कुटुंबाची सवय फेब्रुवारीत सगळे पेरून टाकण्याची होती. त्या वेळी खिडकीत उजेड अपुरा असतो आणि रोपे लांबुडकी, पिवळट होतात. आता टोमॅटो 15 एप्रिलला पेरायचा, म्हणजे लावणीआधी सात आठवडे; काकडी लावणीआधी तीनच आठवडे; कांदा मात्र फेब्रुवारीच्या अखेरीस, कारण त्याला दहा-बारा आठवडे लागतात. दिव्याच्या नळ्या रोपांच्या शेंड्यांपासून पाच ते दहा सेंटिमीटरवर, रोज चौदा ते सोळा तास. लावणीआधी सात ते दहा दिवस रोपे रोज थोडा-थोडा वेळ बाहेर ठेवून काटक करायची. कोबीची रोपे मोठी झाली की लवकर बाहेर काढण्याचा मोह होतो; पण पेन्सिलीएवढ्या जाड खोडाचे रोप काही आठवडे 10 अंशांखाली राहिले, तर त्याला हिवाळा होऊन गेल्याचा भास होतो आणि गड्ड्याऐवजी फुलोरा येतो.

दुसऱ्या वर्षाची नोंद

त्या वर्षी शेवटची गोठण 27 मे रोजी आली, म्हणजे सरासरीच्या आठवडाभर नंतर, पण 1 जूनच्या आत. कोबी आणि कांद्याला तिचा स्पर्शही झाला नाही. बटाट्याचे काही कोंब वर आले होते. संध्याकाळी त्यांच्यावर मातीची भर ओढून घेतली. टोमॅटो घरातच होता. तो 3 जूनला लावून कमानींवर चौरस मीटरला 17 ग्रॅम वजनाचे क्रॉप कव्हर (पीक झाकण्याचे कापड) घातले. हे हलके कापड एक-दोन अंशांचाच बचाव करते, पण दिवसा आतली हवाही थोडी उबदार ठेवते. काकडी आणि झुकिनीला फुले आल्यावर मधमाश्यांसाठी ते दिवसा उचलावे लागे. एका आठवड्यात हे राहून गेले आणि त्या आठवड्याच्या झुकिन्या टोकाशी कुजल्या.

पाण्याचा अंदाज मी कमी धरला होता, हे येथे मान्य करायला हवे. आठवड्याला 25 मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला 25 लिटर. 50 चौरस मीटरला 1250 लिटर. जुलैत तीन आठवडे पाऊस नव्हता आणि सहा तासांपैकी चार तास पाणी देण्यातच गेले. त्यामुळे गाजराची विरळणी उशिरा झाली. तिसऱ्या वर्षासाठी ठिबकच्या नळ्या आणि वाळक्या गवताचे आच्छादन हे दोन खर्च यादीत सर्वांत वर गेले आहेत.

टोमॅटोचे पहिले फळ 5 ऑगस्टला तोडले. पहिली गोठण 6 सप्टेंबरला, 8 तारखेच्या अंदाजाच्याही दोन दिवस आधी आली, म्हणजे दहातले ते एक वर्ष हेच निघाले. तापमान उणे एक अंशापर्यंतच गेले. क्रॉप कव्हरखालील टोमॅटो आणि काकडी वाचली. उघड्यावरची फरसबी सहा तोडण्यांनंतर गेली, तोवर फ्रीझरमध्ये पुरेशी जमली होती. टोमॅटोची तोडणी आणखी बारा दिवस चालली, आणि जोराची थंडी येण्याच्या आदल्या संध्याकाळी रंग धरू लागलेली सगळी फळे काढून घरात पिकवली. कुंड्यांतील दोन मिरच्यांनी मिळून चार फळे दिली. मुले समाधानी होती.

बटाटा 27 किलो निघाला आणि डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत पुरला. गाजर 19 किलो झाले. तळघरातील वाळूत त्यांना फेब्रुवारीत पांढरी मुळे फुटू लागली, तोवर तीन किलोच उरली होती. पडवीतील कांदा जानेवारीच्या कडाक्यात गोठेल असे दिसताच तळघराच्या जिन्यात आणला आणि मार्चपर्यंत वापरला. केल डिसेंबरपर्यंत बर्फातून तोडली गेली. ऑक्टोबरच्या मध्यात, गाजर निघून रिकाम्या झालेल्या तळाच्या वाफ्यात लसणाच्या पाकळ्या लावून वर जाड आच्छादन घातले. जमीन गोठण्याआधी त्यांना मुळे धरायला पाच आठवडे मिळाले. पुढच्या वर्षी कांद्याचा वाफा तोच असल्याने फेरपालट मोडत नाही.

बिटाचा हिशेब तेवढा साफ चुकला. बीट उत्तम आले, पंधरा किलो, आणि मार्चमध्ये त्यातले नऊ किलो वाळूत जसेच्या तसे होते. दोन आठवड्यांच्या वजनाच्या वहीत बिटाची एकही नोंद नव्हती. मी ते केवळ चांगले येते आणि चांगले टिकते म्हणून अर्ध्या वाफ्यात घातले होते. तिसऱ्या वर्षाच्या आराखड्यात बिटाची एकच ओळ आहे, आणि उरलेली जागा गाजराला दिली आहे.